आरशातली चांदणी

सामान्य मानसशास्त्राचं पुस्तक घरात आलं आणि आठवड्याभरात दीपमालाच्या घरात एकही धड माणूस उरला नाही.

तिचा नवरा अश्वजित पुसदच्या एसटी डेपोत मेकॅनिक. घरी आला की चपला भिंतीला अगदी सरळ रेषेत लावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्याच्या या सवयीला तिनं पुस्तकातलं एक नाव देऊन टाकलं. सासू पंचफुलाबाई बाहेर जाताना कुलूप लावायच्या आणि पुन्हा पुन्हा ओढून बघायच्या. त्यांना दुसरं नाव. मुलगी पायल यवतमाळला नर्सिंग शिकते, ती फोनवर 'हं, हं' याच्यापुढे जात नाही. तिच्यासाठी दीपमालानं बराच विचार करून एक लांबलचक नाव शोधलं. मग तेच नाव शेजारच्या रुक्माबाईंच्या म्हशीलाही चपखल बसतं हे तिच्या लक्षात आलं आणि ती ओट्याशी एकटीच इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

तिनं ही सगळी निदानं कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या सेवादास सरांना वर्गात सांगितली. सर तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण खुर्चीत बसले की पोक्त दिसायचे.

"ताई, पहिल्या वर्षाला सगळ्यांचं असंच होतं," सर म्हणाले. "आधी सगळे आजार घरच्यांत दिसतात. पुढं ते स्वतःत दिसायला लागले की उतरतं."

दीपमालाचं काही उतरलं नाही. चढतच गेलं.

तिचं माहेर उमरखेडकडचं. वडील नागोराव शाळेत शिपाई होते, म्हणजे घरात घंटेचा आवाज आणि खडूची धूळ लहानपणापासून. बारावीचा निकाल लागला तेव्हा ती सासरी पुसदला होती, कारण लग्नाची तारीख निकालापेक्षा लवकरची निघाली होती. निकाल कळल्यावर पंचफुलाबाईंनी हौसेनं गल्लीभर पेढे वाटले, घरात चहा केला, आणि त्या चहाच्या कपबशा पहिल्या वर्गात पास झालेल्या नव्या नवरीनंच घासल्या. त्यानंतर पायल झाली, घर बांधून झालं. घर कॉलेजच्या मागच्या लेआउटमध्ये, नव्या प्लॉटांच्या वस्तीत होतं. आधी खेड्यावरून शिकायला आलेले दोन पोट्टे 'काकू, डबा द्याल का' म्हणून आले, मग चार आले, आणि बघता बघता समोरच्या खोलीत मेस सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ वरण, भात, भाजी, पोळ्या. रविवारी मसालेभात. पोरं जेवताना ती त्यांना विचारायची, आज काय शिकवलं, कोण आलं होतं, इतिहासाचे सर अजून तसेच खोकतात का. उत्तरं मिळाली की ती मनातल्या मनात ती चघळत बसायची.

"काकू," निकिता एक दिवस म्हणाली, "तुम्ही रोज आमची हजेरी घेता. त्यापेक्षा स्वतःच ॲडमिशन घ्या ना."

निकिता म्हणजे कापूस-तुरीच्या शेतकरी घरातली मुलगी, दिग्रसच्या रस्त्यावरच्या एका गावची, याच कॉलेजातून बारावी होऊन आता बी.ए.ला चाललेली. बोलताना थांबायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ही गोष्ट गंमत म्हणून म्हटली आणि दुसऱ्या दिवशी दीपमाला कॉलेजच्या खिडकीपाशी तिच्या शेजारी उभी होती.

घरी विचारायचं म्हणून तिनं अश्वजितला विचारलं.

"म्या नाही म्हणलं त तू आयकतं का?" तो म्हणाला.

"नाही."

"मंग घे. मले कायले इचारून राह्यली."

सकाळच्या पाळीत बसतील असे तिनं विषय घेतले. मराठी, गृहअर्थशास्त्र आणि मानसशास्त्र. सकाळी स्वयंपाक उरकून कॉलेज, दुपारी मेस. दुसऱ्या वर्षापासून यातला एक विषय मुख्य म्हणून घ्यायचा होता. मराठीचा पुढचा वर्ग दुपारी भरायचा, म्हणजे तो बाद. मानसशास्त्राच्या जागा मोजक्या, आणि त्या प्रात्यक्षिकाच्या गुणांवर मिळणार. ती जागा नाही मिळाली तर उरलं गृहअर्थशास्त्र.

"म्हणजे मी कॉलेजात जाऊन वरण शिकायचं," ती निकिताला म्हणाली. "अर्ध्या वर्गाला रोज मीच वरण वाढते. माझी परीक्षा कोण घेणार, तुम्ही?"

त्या दिवसापासून मानसशास्त्र सोडायचं नाही हे तिनं पक्कं केलं. इतर बायका सोनं-नाणं पक्कं करतात तसं.

वर्गातल्या पोरांची मात्र पंचाईत झाली. रजत नावाचा एक पोट्टा तिच्या मेसचं जुनं गिऱ्हाईक होता. त्यानं एकदा तासाला दांडी मारली आणि दुपारी निवांत जेवायला बसला. दीपमालानं त्याच्या ताटात भाजी वाढता वाढता विचारलं, "काल संवेदन झालं, आज अवधान झालं. तू कुठं होतास?"

"काकू, ताप होता."

"तापात चौथी पोळी जात नाही. हात धुऊन घे आणि निकिताकडून समजून घे."

रजतनं त्यानंतर दुसऱ्या मेसची चौकशी केली म्हणतात. पण तिथलं वरण पातळ होतं.

शिकणं नावाचं प्रकरण आलं तेव्हा तर दीपमालाच्या अंगात वारंच शिरलं. घंटा वाजवायची, कुत्र्याला खाऊ द्यायचा, मग नुसती घंटा वाजवली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. एवढी सोपी गोष्ट, आणि आपण इतकी वर्षं स्वयंपाकघरात उभं राहून ती पाहिली नाही. तिनं लगेच प्रयोग मांडला. रोज पापड वाढायच्या आधी पळी पातेल्याच्या झाकणावर टणकन मारायची. असे काही दिवस गेल्यावर एका दुपारी तिनं पळी मारली आणि पापड काढलेच नाहीत. सगळ्या माना एकदम वर झाल्या. सगळे हात ताटाच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकले. रजतनं तर आवंढा गिळला.

दीपमाला पदरात तोंड घालून स्वयंपाकघरात पळाली आणि पिठाच्या डब्यावर बसून हसली. हसू थांबेना. पंचफुलाबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"काय झालं व?"

"आई, पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं. नुसत्या आवाजानं. पुस्तकात कुत्र्यांचं असंच झालं होतं."

पंचफुलाबाईंनी कोथिंबिरीची काडी बाजूला ठेवली. "लोकाईचे लेकरं आपल्या भरवशावर इथं जेवतात," त्या म्हणाल्या, "आन् तू त्याईले कुत्रे समजून राह्यली. दे पापड."

पापड दिले. पण त्या दिवसानंतर पंचफुलाबाई सुनेनं पळी हातात घेतली की आधी तिच्या तोंडाकडे बघायच्या. हीसुद्धा सवयीनं शिकलेली प्रतिक्रिया, हे दीपमालाच्या ध्यानात आलं.

पंचफुलाबाई सत्तरीच्या. काटक, ताठ, केस कापसासारखे पांढरे. त्यांचं आयुष्य लोकांच्या शेतात निंदण-वेचणी करण्यात गेलं. शाळेत त्या गेल्या नाहीत, पण वस्तीतल्या विहारात म्हणायची वंदना त्यांना सगळ्यांत शुद्ध यायची. कारण पहिल्यांदा चारचौघांत म्हणायच्या आधी त्यांनी ती महिनाभर म्हशीच्या गोठ्यात पाठ केली होती. चार लोकांत जायचं तर आधी घरी करून पाहायचं, हा त्यांचा नियम. लोकांसमोर हात चुकला, जीभ अडखळली, तर त्या ते वर्षानुवर्षं विसरत नसत. लोक विसरले तरी.

फेब्रुवारीत सेवादास सरांनी प्रात्यक्षिक परीक्षेचं सांगितलं. प्रत्येकाला एक प्रयोग, आणि प्रत्येकानं आपला प्रयोज्य घेऊन यायचा. प्रयोज्य म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस.

"वर्गातला चालणार नाही," सर म्हणाले. "त्यानं पुस्तक वाचलेलं असतं. बाहेरचा, कोरा माणूस आणा. त्याला प्रयोगातलं काही माहीत नसलं पाहिजे."

दीपमालाच्या वाट्याला आरशातलं रेखाटन आलं. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी असते. दोन रेघांच्या मधल्या पट्टीतून पेन्सिल फिरवायची. पण मध्ये आडोसा लावलेला असतो, आपला हात आपल्याला दिसत नाही, दिसतो फक्त समोरच्या आरशात. आरशात सगळं उलटं. हात वर न्यायला जावं तर तो खाली येतो. पेन्सिल रेघेला लागली की चूक. पहिल्या फेरीत माणूस चुकांचा पाऊस पाडतो, आणि पुन्हा पुन्हा केल्यावर चुका कमी होत जातात. हात शिकतो. तो कसा शिकतो हे आलेखावर उतरत्या रेघेत दिसलं की प्रयोग पार पडला.

कोरा माणूस मिळवायला ती बाहेर पडली तेव्हा पुसदमध्ये तो संपलेला होता. मेसमधले दुसऱ्या विषयांचे सगळे पोट्टे वर्गातल्या मुलींनी आधीच पटकावले होते. कुणी समोशाच्या, कुणी नोट्सच्या बदल्यात. रुक्माबाईंनी "मले चष्मा नाही" म्हणून सांगितलं. अश्वजितची त्या दिवशी सकाळची ड्युटी. उरल्या पंचफुलाबाई.

"मले काय समजते त्यातलं?" त्या म्हणाल्या.

"काहीच समजू नये आई. हेच तर पाहिजे."

"म्हणजे अडाणी म्हणून घेऊन चालली मले."

"नाही व आई. कोरी म्हणून."

"सत्तर वर्षाची बाई कोरी कशी असन?"

दीपमालानं हातातलं पुस्तक मिटलं. मग तिनं सगळं खरं सांगितलं. चांदणी, आरसा, आडोसा. हात आधी चुकणारच, सगळ्यांचाच चुकतो, अमरावतीहून परीक्षा घ्यायला मॅडम येतात, त्यांच्यासमोर बसायचं, बस एवढंच. शिवाय हा विषय गेला तर पुढच्या वर्षी गृहअर्थशास्त्र, हेही सांगितलं. पंचफुलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"किती लोक असतात तथी?"

"असतील वीस-पंचवीस."

"बरं," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि कुलूप ओढून बघायला गेल्या.

पुढच्या दिवसांत घरात काही वेगळंच चाललं आहे असं दीपमालाला वाटायला लागलं. ती कॉलेजातून आली की सासूबाई घाईघाईनं आतल्या खोलीतून बाहेर यायच्या, बोटांना काहीतरी काळं लागलेलं. एकदा पलंगाखालून आरशाची चमक दिसली. एकदा अश्वजित, ज्याची ड्युटी दुपारची होती, तो आईच्या समोर मांडी घालून बसला होता. दीपमाला आत येताच त्यानं उगाच पंख्याकडे बघितलं.

"वय झालं की माणूस आरशाकडे पुन्हा वळतो," तिनं निकिताला समजावून सांगितलं. "त्याला आत्मप्रतिमा म्हणतात. आईंना आपण म्हातारे झालो हे पटवून घ्यायचं आहे. मुलगा शेजारी बसून धीर देतो. किती सुंदर आहे बघ."

"आणि बोटं काळी?"

"काजळ असेल."

निकितानं मान डोलावली. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण सासूला इतकी वर्षं ओळखलंच नाही, आणि एका पुस्तकानं ती उघडून दाखवली, या विचारानं ती दिवसभर तरंगत होती. संध्याकाळी तिनं सासूच्या पोळीवर न मागता तूप घातलं. पंचफुलाबाईंनी संशयानं पळीकडे बघितलं.

परीक्षेच्या सकाळी पंचफुलाबाई निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून, केसांना तेल लावून, दीपमालाच्या आधी दारात तयार होत्या. प्रयोगशाळेत शिरल्या आणि परीक्षक मॅडमना त्यांनी हात जोडून "जयभीम मॅडम" म्हटलं. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि हात जोडले. मॅडम उंच, शांत, आणि कोणाच्याही टेबलापाशी आवाज न करता जाऊन उभ्या राहणाऱ्या होत्या. त्यामुळे सगळी पोरं सारखी मागं वळून बघत होती.

शेजारच्या टेबलावर निकिताचा प्रयोग. तिलाही आरशातलं रेखाटनच आलं होतं, आणि तिचा प्रयोज्य म्हणजे रजतचा रूममेट. त्यानं पहिल्याच फेरीत पेन्सिल चांदणीबाहेर काढून कागदाच्या कडेला नेली होती आणि ती परत कशी आणायची हे त्याला कळत नव्हतं.

दीपमालानं नियमाप्रमाणे सूचना वाचायला घेतल्या. "आपल्यासमोर एक तारकाकृती आहे. आपण आपल्या हाताकडे थेट न पाहता..."

"कोणाले बोलून राह्यली?" पंचफुलाबाईंनी हळूच विचारलं.

"तुम्हालाच आई. असंच बोलावं लागते."

"बरं. बोल."

सूचना संपल्या. दीपमालानं घड्याळ हातात घेतलं आणि "सुरू" म्हटलं. पंचफुलाबाईंनी आडोशाखाली हात घातला, आरशात एकदा बघितलं, आणि पेन्सिल चालायला लागली. एक टोक, दुसरं टोक, तिसरं. कुठं थांबणं नाही, कुठं अडणं नाही, एका चालीत पेन्सिल पट्टीच्या अगदी मधून फिरली. शेजारचा रूममेट आपलं काम सोडून बघायला लागला. पेन्सिल सुरुवातीच्या जागी येऊन टेकली.

चूक एकही नव्हती.

दीपमालानं कागद उजेडात धरून पुन्हा तपासला. तिनं नवा कागद लावला. दुसरी फेरी तशीच. तिसरी जरा जास्तच सुबक. आलेखाची रेघ उतरायची तर तिला आधी वर असावं लागतं, आणि ही तर जमिनीवर झोपली होती. वरून खाली येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर गृहअर्थशास्त्राचा वर्ग आला, आणि त्यात फळ्यासमोर उभं राहून वरणाला फोडणी घालणारी ती स्वतः.

"जमलं ना व?" पंचफुलाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

परीक्षक मॅडम कधी मागं येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. "आजी, हे आधी कुठं केलंय का?"

"हाव जी. घरी केलं ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "रोज करतो. माह्या पोरानं डेपोतून बसचा जुना आरसा आणून देल्ला. त्याच्यात चांदणी बोराएवढी दिसे. इथं त भाकरीएवढी दिसते. सोपं आहे जी."

दीपमालाला एकदम सगळं दिसलं. पलंगाखालची चमक, पेन्सिलीनं काळी झालेली बोटं, मांडी घालून बसलेला नवरा. तिची सगळी सुंदर आत्मप्रतिमा बसच्या आरशासकट कोसळली. आणि या धास्तीतसुद्धा तिला हसू फुटायला लागलं. सत्तर वर्षांची बाई आणि डेपोचा मेकॅनिक दार लावून चोरून चांदण्या काढत बसलेत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं ओठ दाताखाली धरला.

"प्रयोज्य कोरा नाही तुमचा," मॅडम म्हणाल्या. "सरावाचा परिणाम तुम्ही यातून कसा दाखवणार?" आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. जाताना घड्याळाकडे बोट दाखवून गेल्या.

निकितानं मान न वळवता कुजबुज केली. "काकू, पहिल्या फेरीत चुका टाकून द्या ना. सगळेच टाकतात. माझे आकडे मी घरूनच आणलेत."

सोपं होतं. चार-सहा आकडे लिहायचे, उतरती रेघ काढायची, घरी जायचं. पण पंचफुलाबाई समोर बसून सुनेच्या पेनाकडे बघत होत्या. त्यांनी महिनाभर बोटं काळी करून एकही चूक होऊ दिली नव्हती, आणि त्यांच्या नावावर आता खोट्या चुका चढवायच्या. दीपमालाचं पेन कागदाला लागेना. ती नुसती बघत राहिली, कागदाकडे, आरशाकडे, सासूच्या हातांकडे. एक हात टेबलावर, पेन्सिल धरून, शहाणा. दुसरा मांडीवर, पदराची कड धरून, काही न करता बसलेला.

"आई," ती म्हणाली, "डाव्या हातानं कधी काढली चांदणी?"

"डाव्या हातानं कायले काढन?"

"मग आता काढा."

पंचफुलाबाईंनी आधी मॅडमकडे बघितलं, मग सुनेकडे. "बह्याड झाली का तू? चार लोकांत डावा हात पुढं करू? आपण पानात वाढत नाही डाव्या हातानं."

"तुमचा उजवा शिकून आला आई. मले न शिकलेला पाहिजे."

"थो चुकन ना व."

"हाव. चुकू द्या. चुकायचेच मार्क असतात."

"हे आधी सांगतं त मी डाव्यानंही..."

"म्हणूनच बरं झालं, नाही सांगितलं."

पंचफुलाबाईंनी हात पदराखाली ओढून घेतला. वीस-पंचवीस माणसं होती. त्यातले निम्मे त्यांच्या घरी जेवणारे, उद्या दुपारी त्यांच्यासमोर ताट घेऊन बसणारे. "आन् नाही केलं त?" त्यांनी विचारलं.

"तर गृहअर्थशास्त्र. पुढची दोन वर्षं मी कॉलेजात जाऊन वरण-भात शिकणार."

"कोण शिकवन?"

"असतील ना तिथल्या मॅडम."

पंचफुलाबाईंनी पदर कमरेला खोचला. मग त्यांचा आवाज इतका चढला की सेवादास सरांनी मान वर केली. "तुले वरण मी शिकवलं. लग्न होऊन आलती तवा हळद किती टाकायची थे माहीत नव्हतं तुले. आता लोक शिकवतीन?" त्यांनी पेन्सिल उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि ती जणू विळा असावी तशी आडोशाखाली खुपसली. "चाल. लाव घड्याळ."

आणि मग जी चांदणी निघाली तशी पुसदच्या आकाशात कुणी पाहिली नसेल. पहिल्याच टोकाला हात उलटा गेला. तो वळवायला गेल्या तर जास्तच उलटा. पेन्सिल रेघेवरून इकडून तिकडं अशी धावायला लागली जशी वावरात सुटलेली बकरी. "अबे जा ना मुर्दाडा," पंचफुलाबाई हाताला म्हणाल्या. "तिकडं नाही, इकडं. इकडं म्हणलं ना." रजत भिंतीकडे तोंड करून हसत होता. निकितानं आपला प्रयोग थांबवला. दीपमाला चुका मोजत होती, आणि तिच्या नोंदीत रेघांवर रेघा चढत होत्या. भीती कुठली आणि हसू कुठलं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत हात एका टोकाला जरा थबकला, विचार केला, आणि बरोबर वळला. पंचफुलाबाईंनी ते आरशात पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. तिसरीत त्यांनी जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली. चौथीत पेन्सिल दोन टोकं न चुकता गेली. आलेखाची रेघ उंचावरून निघाली आणि पायरी-पायरीनं खाली यायला लागली. खरी. कुणाच्या घरून न आणलेली.

मॅडमनी स्टूल ओढून घेतलं होतं. "आता सांगा," त्या म्हणाल्या.

दीपमालानं सांगितलं. प्रयोज्य निवडताना चूक झाली. उजव्या हाताचा सराव झालेला होता, म्हणून डावा घेतला. मग ती थांबली आणि शेजारच्या टेबलावरच्या रूममेटच्या पहिल्या कागदाकडे बघितलं, मग सासूच्या डाव्या हाताच्या पहिल्या कागदाकडे. "मॅडम, यांचा डावा हातसुद्धा त्याच्या उजव्याइतका चुकला नाही. म्हणजे डाव्याला पूर्ण कोरंही म्हणता येणार नाही. उजव्यानं शिकलेलं त्याच्या कानावर थोडं गेलंय वाटतं."

"कानावर," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या की नाही ते चष्म्यामुळे कळलं नाही. "प्रयोज्य निवडायचे गुण जातील तुमचे. ते नियमानं जातातच."

"जाऊ द्या," दीपमाला म्हणाली, आणि बाहेर येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुपारी घरी आल्यावर ड्युटीवरून परतलेल्या अश्वजितनं दार उघडलं, आईचा चेहरा पाहिला, बायकोचा पाहिला, आणि आधीच म्हणाला, "मी काही केलं नाही."

"बसचा आरसा कोणी आणला?"

"तूच म्हणे, सगळ्याईचा हात चुकते, चुकते. म्हणलं माह्या मायची चार लोकांत फजिती कायले." त्यानं डोकं खाजवलं. "आमाले काय माहीत चुकायचंच असते म्हणून. आजवर कोण्या परीक्षेत चुकायले सांगतलं?"

दीपमाला सोफ्यावर बसली आणि आता तिनं ओठ दाताखाली धरला नाही. ती इतकी हसली की रुक्माबाई कुंपणावरून डोकावून गेल्या. पंचफुलाबाई मात्र आतल्या खोलीत जाऊन डावा हात धुवत बसल्या होत्या, जणू त्यानंच सगळी नाचक्की केली.

निकाल आंब्याच्या दिवसांत लागला. मानसशास्त्राच्या जागा भरल्या त्यात दीपमाला शेवटून दुसरी होती. पण होती. सेवादास सरांनी फोन करून सांगितलं, तेव्हा ती आंबे पिळत होती. तिनं रसाचे हात तसेच वर धरून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. भिंतीवर रसाचे शिंतोडे उडाले, आणि ते पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"शेवटून दुसरी?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"हाव आई. मिळाली ना जागा."

"डाव्यानं घात केला. नाही त पैल्ली आली असती." त्यांनी कोयी एका बाजूला लोटल्या. "पुढच्या वर्षी कोणता प्रयोग असते?"

"ते सांगता येत नाही आई. नियम आहे."

"मी कुठं करतो म्हणलं. इचारतो फक्त."

"नाहीच सांगणार."

पंचफुलाबाईंनी पुढचा आंबा पिळायला घेतला. थोड्या वेळानं निकिता पेढ्यांचा पुडा घेऊन आली. तिलाही जागा मिळाली होती, दीपमालाच्या चार नंबर वर. पंचफुलाबाईंनी तिला पाटावर बसवलं, मोठी वाटी घेतली, ती काठोकाठ रसानं भरली, वर तुपाची धार सोडली आणि शेजारी सरकून बसल्या.

"खा व पोरी. तुले तं सगळं माहीत असन," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षाले काय काय करून पाहाले लावतात?"

ओट्याशी उभ्या असलेल्या दीपमालानं डोळे मोठे करून, मान हलवून, रसाच्या हातानं खूण करून निकिताला थांबवायचा फार प्रयत्न केला. पण निकितानं पहिला घोट घेतला होता, आणि ती सांगायला लागली होती.